कोरगावची माटोळी आणि माझी गाठ

यंदा सासरचा गणपती धाकट्या दिराकडे गेला. मी त्याच दिवशी मुलाला सांगून टाकलं, "चतुर्थीला माहेरी, कोरगावला जायचं. माटोळी मी बांधणार."

गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं बांधतात. ती माटोळी. आमच्या घरी पहिलं शिपटं, म्हणजे सुपारीचा घोस, थोरल्या मुलीनं बांधायचं. थोरली मी. माझं लग्न झालं आणि तो मान वसंताच्या, माझ्या भावाच्या, बायकोकडे गेला. सुलभाकडे. मला कुणी विचारलंही नाही.

मोपाचा विमानतळ घराजवळ, पण सणातले दर ऐकून पुण्याहून पनवेलला आलो आणि तिथून रेल्वेनं पेडणं गाठलं. जाणाऱ्यांनी तिकीट फार आधी काढावं आणि रिक्षाचं भाडं बसण्यापूर्वी ठरवावं. आम्ही उतरताना विचारलं आणि भोगलं. वाटेत पेडण्याच्या बाजारात थांबून माटोळीसाठी चिबूड आणि तोरिंजन, म्हणजे पपनस, घेतलं. तिथल्या हॉटेलातली पातळ भाजी आणि ताजे उंडे, म्हणजे गोल पाव, मात्र चुकवू नका.

घरी पोचलो तर माझी नात तासाभरात सुलभाच्या पदराला चिकटली. शेजारीण मला विचारते, "तुमी खंयच्या?" ज्या अंगणात मी रांगले, तिथं मी कुठली!

संध्याकाळी माटोळी बांधायला घेतली. सुलभा शिपटं घेऊन स्टुलावर चढायला निघाली.

"ते माझं," मी म्हणाले.

"बाय, तू बस गो," वसंत म्हणाला. "पावण्यांनी वयर चडचें न्हय. पडशी!"

"पाहुणी तुझी बायको. मी इथं जन्मले."

मी शिकले त्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी ऐकलं असतं तर मला वर्गाबाहेर उभं केलं असतं. सुलभा मात्र हसली.

"येवा वन्सं. इतकीं वर्सां मी बांदतां, पूण ह्यांचें दर चवथीक एकच, 'बाय बांदताली तशें न्हय.' कशें बांदतात तें एकदां बघूंक तरी मेळूं दी."

निवृत्तीच्या समारंभातही मला इतका आनंद झाला नव्हता. म्हणजे ही बाईसुद्धा माझ्यावर जळत होती! मी ऐटीत चढले, केवणीच्या झाडाच्या सालीचा दोर ओढला, गाठ मारली.

शिपटं तिरकं लोंबलं. स्टूल डगमगत होतं, हे मी आजही सांगेन. वसंतानं वर पाहिलं आणि तो समया पुसायला गेला. मग सुलभा चढली. तिची फळं एका ओळीत सरळ लागली. एक टोमणा मारला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

चतुर्थीच्या जेवणात तिनं केलेलं अनेक भाज्यांचं खतखतं होतं. माझ्या मुलानं ते तीनदा मागून घेतलं. घरी माझ्या आमटीला हा मुलगा दुसऱ्यांदा वाटी पुढे करत नाही.

त्याची रजा संपली, म्हणून दुसऱ्या दिवशी निघालो. सुलभानं हळदीच्या पानातल्या गोड पातोळ्या बांधून दिल्या. गाडीत मी एकही खाणार नव्हते. दोन खाल्ल्या.

पुण्यात परतल्यावर, गणपतीच्या पाचव्या दिवशी, विसर्जनाआधीचा फोटो फोनवर आला. सगळ्यांनी गणपती पाहिला. मी माटोळी मोठी करून पाहिली. गावभरची माणसं दर्शनाला येऊन गेली असणार, आणि माझं शिपटं तसंच तिरकं. गाठही माझीच.

सुलभाच्या जागी मी असते, तर पाहुणी अंगणाबाहेर पडताच ती गाठ सोडून पुन्हा बांधली असती.