बोंडू खावा, बी ठेवावी

“बोंडू खावा, बी ठेवावी,” असं म्हणत सर हात पुढे करायचे. कोणी त्यांचं पेन नेलेलं असे, कोणी छत्री, कोणी वर्तमानपत्राचं मधलं पान. ते परत मागायची त्यांची ही रीत होती. तळहात वर, बोटं किंचित वळलेली, आणि चेहऱ्यावर मागावं लागल्याचा संकोच. आमच्या परळच्या शाळेत नव्याने आलेल्या शिक्षकांना याचा अर्थ कळत नसे. मग मार्च येई आणि आपोआप कळे.

मार्चमध्ये सर रविवारला जोडून रजा टाकत आणि तळकोकणातल्या आपल्या गावाहून एक करंडी घेऊन येत. करंडीत बोंडू असत, म्हणजे काजूची पिवळी-तांबडी फळं, आणि प्रत्येकाच्या टोकाला लटकलेली बी. प्रवासात निम्मे बोंडू फुटलेले असत. शिक्षकखोलीला दिवसभर गोडसर आंबूस वास येई. आम्ही मीठ लावून खायचो. घसा खवखवायचा, कपड्यांवर डाग पडायचे ते कधी जायचे नाहीत. गणिताच्या बाई दरवर्षी म्हणायच्या, “सर, यंदा शेवटचं हं. मागच्या वर्षीची साडी गेली ती गेलीच.” आणि दरवर्षी पहिला बोंडू त्याच उचलायच्या.

खाऊन झालं की पिळून काढलेली बी टेबलावरच्या कागदावर ठेवायची. सर त्या सगळ्या बिया गोळा करून पुन्हा पिशवीत घालायचे. एकदा आमच्या खेळाच्या सरांनी छेडलं, “सर, एक बी माझ्या खिशात गेली तर काय कराल?”

“काहीच नाही करणार. तुझ्या खिशाला चीक लागेल, तो तू निस्तर.”

सगळे हसले. खेळाच्या सरांनी खरोखरच खिशातून एक बी काढून कागदावर ठेवली.

या रीतीचं मूळ त्यांच्या बागेत होतं. सरांचे वडील लालबागच्या गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा ते गावी परतले आणि कातळाच्या उतारावर त्यांनी काजू लावले. बागेतून पलीकडच्या वाडीतल्या मुलांची शाळेची पायवाट जात होती. वडिलांनी ती बंद केली नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याने बोंडू खुशाल खावा, बी मात्र पायवाटेशेजारच्या चपट्या दगडावर ठेवून जावी, एवढंच त्यांचं सांगणं. संध्याकाळी दगडावर बियांची लहानशी रास जमायची. बागेच्या पिकापेक्षा सरांना त्या राशीचं अप्रूप होतं.

“कोणी ठेवली ते मला ठाऊक नाही, बाई,” ते मला म्हणायचे. “ठेवणाऱ्याला ठाऊक आहे, तेवढं पुरे.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचा जगावरचा सगळा विश्वास एका लहानशा जागेवर टेकलेला असतो. सरांचा त्या दगडावर टेकलेला होता. निवृत्त झालो की तिथेच जाऊन राहायचं, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. लालबागची खोली लेकीला द्यायची, वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, अंगणात भाजी लावायची, आपण संध्याकाळी दगडावरच्या बिया आणायला जायचं. तोवर बाग चुलतभाऊ राखत होता. सर त्याच्याबद्दल बोलायला लागले की त्यांची भाषा बदलायची, मालवणीत जायची. “तो आसा म्हणान मी आसंय,” म्हणायचे.

निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना ते शिमग्याला गावी गेले आणि करंडी न घेता परत आले.

“काय सर, यंदा आम्हाला उपास?” खेळाच्या सरांनी विचारलं.

“यंदा कोणी बी ठेवली नाही,” सर म्हणाले आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गावर निघून गेले.

मला त्यांनी पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. शाळा सुटल्यावर आम्ही हिंदमातापर्यंत बरोबर चालत जायचो. साड्यांच्या दुकानांपुढच्या गर्दीत ते मधेच थांबत, एक वाक्य बोलत आणि पुन्हा चालू लागत.

शिमग्यात गावदेवतेची पालखी घरोघर फिरते. त्या दिवशी कोणी शेतात, बागेत जात नाही. सगळा गाव पालखीबरोबर असतो. बागा मोकळ्या राहतात, पण त्यात कोणाला काही वाटत नाही, कारण देव स्वतःच बाहेर पडलेला असतो. अशा दिवशी कोणी चोरी करील हे त्या गावात कोणाच्या मनातही आलं नसतं. चोरांना मात्र ते नेमकं ठाऊक होतं. दिवसाढवळ्या त्यांनी उतारावरच्या साऱ्या बागा धुऊन नेल्या. खाली पडलेली बी नेली, झाडावरची कोवळी बी काठ्यांनी झोडून नेली, फांद्या मोडल्या, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, भरून ठेवलेली पोती नेली. बोंडू तेवढे पिळून टाकून दिले होते. त्यांचा चिखल झाला होता, त्यावर माश्या घोंगावत होत्या.

“दगडावरची मूठभर होती, तीसुद्धा नेली,” सर म्हणाले.

पण त्यांना पोखरत होतं ते वेगळंच. त्या दुपारी पालखी सरांच्या खांद्यावर होती. अरुंद रस्त्यावर समोरून ताडपत्री बांधलेला टेम्पो आला. लोक म्हणाले, मंडपवाल्याचा असेल. पालखी कडेला घेऊन वाट दिली. चालकाने गाडी थांबवली, उतरून देवीच्या पाया पडला. सरांनी खांदा दुसऱ्याला दिला आणि प्रसादाच्या ताटातलं खोबरं त्याच्या हातावर ठेवलं.

“बोंडवांचा वास आला होता हो मला, बाई. वाटलं, माझ्याच सदऱ्याला येतोय.”

हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल! दर वेळी त्यांचा उजवा हात तसाच पुढे यायचा, खोबरं ठेवताना आला असेल तसा.

पोलीस ठाण्यात त्यांना दोन गोष्टी विचारल्या गेल्या. कोणावर संशय आहे का? आणि माल सापडलाच, तर तो तुमचाच हे कशावरून सांगाल?

पहिल्या प्रश्नाला त्यांच्या तोंडून चुलतभावाचं नाव गेलं. बागांची वाट बाहेरच्यांना कोणीतरी दाखवली असणार, असं सगळेच म्हणत होते, आणि तो त्या दुपारी ढोल दुसऱ्याच्या गळ्यात अडकवून मधेच घरी गेला होता. त्याची म्हैस व्यायला अडली होती. ते खरंच होतं, पारडू अंगणात उभं होतं. पण ते कळेपर्यंत तो गावासमोर दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसून होता. संध्याकाळी सोडला, तेव्हा त्याने बागेतल्या मांगराची किल्ली सरांच्या पायरीवर ठेवली आणि निघून गेला.

सरांनी मग बागेला काटेरी तार घातली. पायवाट बंद केली. लोखंडी फाटक बसवून त्याला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्याबरोबर मुंबईला आणली. मुलं लांबच्या वाटेने शाळेत जाऊ लागली. शिक्षकखोलीत त्यांनी पेन परत मागणं सोडलं. कोणी नेलं तर नेलं. खेळाच्या सरांनी एकदा मुद्दाम त्यांची छत्री उचलली आणि दारात थांबून वाट पाहिली. “सर, म्हणा की काहीतरी.” सर तपासायच्या वह्यांवरून मान वर न करता म्हणाले, “राहू दे तुझ्याकडे.” खेळाचे सर छत्री जागेवर ठेवून बाहेर गेले.

निवृत्त झाल्यावर ते गावी गेले नाहीत. माल तुमचाच हे कशावरून, हा पोलिसांचा दुसरा प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला होता. ओल्या काजूगरांचे दिवस आले की ते लालबागहून दादरला चालत जायचे आणि पदपथावर वाटे लावून बसलेल्या बायकांपुढे उभे राहायचे. एकदा मी बरोबर होते. सरांनी वाकून एक गर उचलला, उजेडाकडे धरला, बोटांत फिरवला.

“कुठल्या बागेतला गं हा?”

“बागेतला काय? बाजारातून आणला मी,” बाई म्हणाली. चिकाने तिची बोटं काळी पडली होती, नखांच्या कडेची साल निघाली होती. “मास्तर, रोज बघता, कधी घेत नाही. चिवडू नका हो, काळा पडतो माल.”

“चिवडत नाही. बघतोय फक्त.”

“बघून काय पोट भरतं?” ती हसली, शेजारणीही हसल्या. सरांनी तो गर अगदी अलगद जागेवर ठेवला. स्टेशनापाशी म्हणाले, “सगळे सारखेच दिसतात, बाई. मला वाटलं होतं, आपले ओळखू येतील.”

यंदाच्या फाल्गुनात सर गेले. सकाळचा चहा घेता घेता मान खाली गेली, एवढंच.

बाराव्याला मी लालबागच्या खोलीत बसले होते. दारात एक उंच, वाळलेला माणूस येऊन थांबला. वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, “आत या, भावोजी.” तेव्हा मला कळलं तो कोण. तो उंबऱ्याच्या बाहेरच राहिला.

“फाटकाची किल्ली खय आसा, वयनी? बोंडू पडाक लागले. वास रस्त्यापर्यंत येता.”

वहिनींनी कपाट पाहिलं, सरांच्या सदऱ्यांचे खिसे पाहिले, देव्हाऱ्याखालचा खण पाहिला. लेकीने गादी उचलून पाहिली. किल्ली कुठेच नव्हती.

“कुलूप तोडा, भावोजी,” वहिनी म्हणाल्या. “मी सांगते ना.”

त्याने मान हलवली. “तुम्ही सांगतास ता खरा. पण कुलूप तेणा लायलेला, तेणा सांगूक व्हया होता. मी तोडलंय तर चोर मीच ठरतलंय.”

वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो उभ्यानेच पाणी प्यायला आणि त्याने तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवला. मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, यंदा चोरी तर नाही ना झाली?

“नाय,” तो म्हणाला. दोन पायऱ्या उतरला, थांबला, कठड्यावर हात ठेवून वर पाहिलं. “तारेतसून दिसता सगळा. बी झाडाखालीच आसा, बाई. सगळी झाडाखालीच आसा.”