राजा नावाचा दोर

"नवीन मशीन हाय बाळू. रोज दोरी ओढतोय, पन अजून सुरू न्हाय झाली."

हे वाक्य माझ्याबद्दल होतं, माझ्या न बोलण्याबद्दल. मी पत्र्याच्या शेडमागे कपडे वाळत घालत होते आणि शेडच्या आत माझे सासरे, म्हणजे दादा, बाळूकाकांना सांगत होते. लग्नाला तेव्हा पाच आठवडे झाले होते. बाळूकाका म्हणाले, "मग चोक ओढून बघा." दोघं हसले. हातातला ओला टॉवेल मी झटकला नाही, आवाज होईल म्हणून तसाच दोरीवर टाकला.

राग आला नाही. आमच्याकडे मशीन हा मानाचा शब्द आहे. मशीन म्हणजे झाडं कापायची चेनसॉ. पावसाळ्यात ती आतल्या खोलीत झोपते, पाहुणे हॉलमध्ये.

कमी बोलणाऱ्याचा एक फायदा असतो. त्याच्यासमोर सगळे बोलतात आणि तो खोलीत आहे हे विसरतात. सहा महिन्यांत माझ्याकडे एवढं साठलंय, की थोडं रिकामं करणं भाग आहे.

*

आमचा धंदा झाडं छाटण्याचा. दादांच्या वडिलांचं भाईंदरला मिठागर होतं आणि थोडी भातशेती. दोन्ही गेलं. तिथे इमारती आल्या, इमारतींनी झाडं लावली, झाडं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत शिरली आणि दादांनी कोयता उचलला. धंद्याचा इतिहास एवढाच.

आता वर चढतात दोघं. एक माझा नवरा हर्षद आणि दुसरे बाळूकाका, जे रत्नागिरीकडून पंचवीस वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी आले होते. दादा खाली उभे राहून वर बघतात आणि सूचना देतात. वरच्यांना त्या ऐकू जात नाहीत, त्यामुळे काम चांगलं होतं.

माझ्या गृहप्रवेशाच्या दिवशी उंबरठ्यावर तांदळाचं माप होतं आणि मापापलीकडे वर्तमानपत्रावर मशीन. फोटोग्राफर म्हणाला, फ्रेममध्ये येतेय, जरा हलवा.

दादा म्हणाले, "तिचं तेल निथळतंय, हलवायची न्हाय. तू जोडीला सरकव."

त्याने आम्हाला सरकवलं. अल्बममध्ये मी माप ओलांडतेय, हर्षद माझ्याकडे बघतोय आणि दादा मशीनकडे.

*

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या एका सोसायटीत एकाच फांदीवरून दोन फ्लॅट भांडत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या भाभींना ती कापून हवी होती, घरात उजेड येत नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमना ती ठेवायची होती, समोरच्या इमारतीतले लोक घरात बघतात म्हणून. महापालिकेची परवानगी दादांच्या खिशात होती, पण परवानगीच्या कागदाला भाभी आणि मॅडम ठाऊक नव्हत्या.

बाळूकाका दोराला लटकून बरोबर दोघींच्या मधे पोचले. खालून आवाज आला, "भैया, काट दो." वरून आला, "भैया, हाथ मत लगाना." काकांनी हात लावला नाही. मग वरच्या ग्रिलमधून चहा आला. ते बघून खालच्या ग्रिलमधून चहा आणि थेपले आले. काकांनी फांदीवर बैठक मारली.

अर्धा तास झाला. दादा खालून ओरडले, बाळू, काय ठरलं?

काका वरून म्हणाले, "वरच्यांचं पटतंय दादा. पण खालच्यांनी आत्ताच लोणचं काढलंय."

शेवटी सेक्रेटरींनी अर्धी फांदी कापायला सांगितली. दोघीही नाराज झाल्या, अगदी सारख्याच. दादांच्या मते यालाच चोख काम म्हणतात.

*

उत्तनकडची कामं नारळाची. तिथल्या डोंगरी गावात एक माड असा आहे, की त्याचं बूड एका वाडीत आणि शेंडा वाकून शेजारच्या वाडीवर. बुडाच्या मालकांनी आम्हाला नारळ काढायला बोलावलं. हर्षद वर गेला, कोयता चालवला, आणि नारळ एकामागोमाग एक शेजाऱ्यांच्या अंगणात पडायला लागले. शेजारीणबाईंनी शांतपणे टोपली आणली.

बुडाचे मालक कुंपणापाशी आले, नारळ आमचे म्हणाले. शेजारीणबाई म्हणाल्या, वर्षभर सुक्या झावळ्या आमच्या कौलांवर पडतात, त्या कधी न्यायला आला नाहीत. दोघांनी दादांकडे बघितलं. दादा चाळीस वर्षं अशा वाड्यांमध्ये फिरलेत. त्यांनी विचार केला आणि निकाल दिला.

"चढायचा हक्क तुमचा, पडायचा त्यांचा. आता चहा कोन ठेवतंय?"

चहा शेजारणीने ठेवला. नारळ निम्मेनिम्मे झाले. कोयता मात्र त्या गडबडीत डोंगरीलाच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी बाळूकाकांना तो आणायला परत जावं लागलं. तेव्हापासून घरात काहीही सापडेनासं झालं, अगदी टीव्हीचा रिमोट असला, तरी दादा विचारतात, "बाळू, डोंगरीला ठेवलास काय?"

*

लग्नाआधी मी माणगावला मेडिकलमध्ये काम करत होते. बाटलीवरचं लेबल आणि खोक्यातला बारीक अक्षरातला कागद वाचायची सवय तिथली. सासरी आल्यावर बघितलं, तर सामानाबरोबर आलेले सगळे माहितीचे कागद सासूबाईंनी कपाटाच्या फळ्यांवर अंथरले होते. मी बरण्या उचलून उचलून ते वाचले. अशा रीतीने सामान माझ्याकडे आलं. कोणी दिलं नाही, फक्त हळूहळू सगळे मलाच विचारायला लागले, कानस कुठे, बेल्ट कुठे.

मशीनसाठी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. ते मिश्रण कोकम सरबतासारखं दिसतं, आणि आमच्याकडे ते कोकम सरबताच्याच बाटलीत असायचं. माझी मावशी आली तेव्हा ती बाटली ग्लासापर्यंत पोचली होती. मी पहिल्यांदा जोरात खोकले. मावशी वाचली.

त्या दिवशी मी बाटली बदलली, शेडमध्ये नेऊन ठेवली आणि वर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पिऊ नये'.

दुसऱ्या दिवशी चौक गावात कामावर मशीन सुरू होईना. टाकी कोरडी. भरायचं काम बाळूकाकांचं, ते विसरले होते हे उघड होतं. पण काका शांतपणे म्हणाले, "बाटलीवर सूनबाईंनी लिहिलंय, पिऊ नये. मला वाटलं मशीनला पथ्य आहे."

*

दादा काही टाकत नाहीत. तुटलं की बांधतात. शिडीची पायरी बांधलेली, बादलीची कडी बांधलेली, टेम्पोचा मागचा फाळका बांधलेला. सासूबाईंच्या चष्म्याची काडी मशीनच्या जुन्या दोरीने बांधलीय आणि ती इतकी घट्ट आहे, की दुकानदाराने सोडवायला नकार दिला. दादांना गाठी किती येतात कोण जाणे. हातात दोन टोकं आली, की त्यांना राहवत नाही.

सासूबाई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "या घरात मोडकं काही नाही बघ. सगळं जोडलेलं आहे."

*

दोरांना मात्र नावं आहेत. सगळ्यांत मोठ्या दोराचं नाव राजा.

लग्नाच्या आधीच्या वर्षी मीरा रोडच्या एका सोसायटीत हर्षद रेन ट्रीच्या मोठ्या झाडावर होता. ज्या फांदीवर उभा होता, ती मोडली. तो जवळजवळ दोन मजले खाली आला आणि राजाने त्याला धरला. खोडावर आपटून खांदा सोलवटला, बाकी काही नाही. दादांनी त्याच दिवशी दोराला नारळ फोडला. तेव्हापासून मोठ्या झाडाला फक्त राजा. हर्षदने नंतर एक नवा दोर आणला होता, तो खोक्यातच राहिला. त्याच्यावर अजून हात बसलेला नाही, असं दादा म्हणायचे.

दसऱ्याला सगळी हत्यारं मांडली. मशीनला हार, कोयत्यांना टिळा आणि राजाला वेगळा पाट. हळदकुंकू मला लावायला सांगितलं. मी वेटोळं सोडून दोरावरून हात फिरवत गेले. एका जागी बोटं आत गेली. बाकीचा दोर वाकवला की गोल वळायचा. तिथे तो कागदासारखा दुमडला. वरचं कवच धड होतं, आतला गाभा तुटला होता.

नव्या दोराच्या खोक्यातला कागद मी वाचला होता. त्यात लिहिलं होतं, की मोठा झटका खाल्लेला दोर पुन्हा चढायला वापरू नका, दिसायला कितीही चांगला असो.

मी हर्षदला ती जागा दाखवली. त्याने दोर ओढून बघितला, दादांनी दोन माणसं लटकवून तपासलाय म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "त्याने मला धरलं होतं गं. त्याच्यावर भरवसा नाही ठेवायचा, तर कोणावर?" मी दोर पुन्हा वेटोळून पाटावर ठेवला.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी दादांच्या कानावर घातलं. दादा जेवता जेवता म्हणाले, "तेवढीच जागा खराब ना? कापून गाठ मारतो. राजा हाय तो."

दसऱ्यानंतरच्या रविवारी काम होतं. तीच सोसायटी, तोच रेन ट्री, चढणार हर्षद. शनिवारी दुपारी सगळे आडवे झाले, आणि मी शेड झाडून काढली.

*

रविवारी सकाळी राजा सापडेना.

आधी शेड बघितली, मग टेम्पो, मग माळा. सासूबाईंनी पलंगाखाली काठी फिरवली. दादा खुंटीसमोर उभे राहिले आणि मग हळूच बाळूकाकांकडे वळले. शुक्रवारी काका नारळाच्या कामाला डोंगरीला गेले होते.

या वेळी दादा हसत नव्हते. काका म्हणाले, मी राजा नेलाच नव्हता, छोटा दोर नेला होता. दादा काही बोलले नाहीत. पंचवीस वर्षांत त्यांनी काकांना वाट्टेल ते ऐकवलं होतं, पण असं गप्प राहिले नव्हते. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला, चपला घातल्या आणि रिक्षाने डोंगरीला जाऊन बघून येतो म्हणाले. हर्षद बेल्ट कमरेला लावून उभा होता.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"काका, चपला काढा. दोर मी कापला."

दादांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं बंद मशीन आपोआप सुरू झाल्यावर बघतात.

"राजा?" ते म्हणाले. "कुठं कापलास? दाखव. दोन्ही टोकं आन इकडं."

"टोकं पुष्कळ आहेत दादा. हातहातभर तुकडे केलेत, गाठ मारता येणार नाही एवढे. नवा दोर खोक्यासकट टेम्पोत ठेवलाय."