काकाच्या टेबलावर उघडेल अशी किटली

काकूचा फोन आला तेव्हा मी नेदरलँड्समधल्या आमच्या तांत्रिक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होते. "तुझो काका गेलो गे," एवढंच ती म्हणाली. त्याला आता सहा आठवडे झाले. खरं सांगते, मला रडण्याआधी राग आला. असा कसा गेला? आमचं एक काम बाकी होतं.

दत्ताकाका, माझ्या बाबांचा धाकटा भाऊ, मुंबईत चारकोपच्या एका गाळ्यात मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचा. परदेशी शिकायला निघालेली आमच्या घरातली मी पहिलीच. तंत्रज्ञान आणि शाश्वत विकास हा विषय ऐकून सगळे वा वा म्हणाले. म्हणजे नक्की काय, हे विचारलं फक्त काकानं. मी म्हटलं, "वस्तू अशा बनवायच्या की पृथ्वीची वाट लागणार नाही." "मग इतकी वर्षं मी काय करतोय?" म्हणाला, आणि हसत सुटला.

दुसऱ्या सत्रात माझ्या वर्गातला घानाचा क्वामे आणि मी मिळून विजेची किटली बनवली, जुनं प्लास्टिक वितळवून. थेंबही गळत नव्हता. मी ऐटीत व्हिडिओ कॉलवर काकाला दाखवली. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "झकास. आता उघड बघू." उघडणार कशी? आम्ही तिचे सगळे भाग चिकटवून टाकले होते. मी सुनावलं, "काका, तुला नाही कळणार, हे सस्टेनेबल आहे." "असेल गं. पण बिघडून माझ्या टेबलावर आली तर गिऱ्हाइकाला काय सांगू, फेका?" मी फोन कट केला. आठवडाभर बोलले नाही... खरं तर चिडले होते स्वतःवर.

शेवटी क्वामेला सांगितलं. तो बिचारा डोक्याला हात लावून बसला, पण मग म्हणाला, "तुझा काका बरोबर आहे." आम्ही चिकटवलेलं सगळं फोडलं, तळाला रबराची रिंग आणि सहा स्क्रू टाकले. परीक्षकांसमोर किटली भरली आणि पाणी थेट प्राध्यापकांच्या कागदांवर! पुन्हा सादर करा, म्हणाले. मी रडतच फोन लावला. काकानं विचारलं, "स्क्रू कसे आवळलेस?" एकापाठोपाठ एक, गोल, मी म्हटलं. "अगं वेडे, एका बाजूनं दाबलं की रिंग दुसरीकडून उचलते ना! एक थोडा आवळ, मग समोरचा. घाई कशाला?" दुसऱ्या खेपेला किटली कोरडी राहिली. आम्ही पास झालो. काका म्हणाला, "सुट्टीत घेऊन ये. मी उघडतो, मग मानतो."

हेच ते बाकी काम.

मी मुंबईला आले, आणि तेराव्यानंतर किटली घेऊन गाळ्यात गेले. काकू दाराशी बसली. काकाच्या टेबलावर मीच ती उघडली. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आतलं सगळं नीट दिसत होतं, हात जात होता. काकानं आधी नावं ठेवली असती, मग मानलं असतं, याबद्दल मला जराही शंका नाही. तेवढ्यात एक बाई मिक्सर घेऊन आल्या. "दत्ताभाऊ आहेत?" काकूनं सांगितलं. बाई मिक्सर परत पिशवीत घालू लागल्या.

"राहू द्या इथेच," मी म्हटलं, आणि काकाचं स्टूल पुढे ओढलं. "काय होतंय याला?"