बाबांचं घड्याळ सत्तावीस मिनिटं मागे

बाबा बँकेतून रिटायर झाले आणि पत्रिका करू लागले. त्यासाठी प्रोग्रामही त्यांनी स्वतःच लिहिला, जुन्या डॉसच्या मशीनवर, कुणाला काही न विचारता. उज्जैनच्या फ्रीगंजातली बरीच मराठी घरं बारशाआधी आमचा जिना चढून येत. माझ्या बायकोला आठवा लागला आणि नेमकी तेव्हाच मशीन आचके देऊ लागली. बाबा म्हणाले, "नातवंडाची पत्रिका निघेपर्यंत चालली पाहिजे, बस."

मी टावर चौकातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये लिनक्स शिकवत होतो. विद्यार्थी चार होते, त्यामुळे माझ्याकडे वेळ आणि गर्व दोन्ही भरपूर होते. मी ठरवलं, की जुनी मशीन अख्खी उचलून माझ्या लिनक्सच्या पोटात बसवायची. बाहेरचं यंत्र नवं, पण आतला प्रोग्राम आपण जुन्याच मशीनवर आहोत असं समजून चालणार.

प्रोग्राम तसं समजायला तयार नव्हता. आधी त्याला डिस्क दिसेना. डिस्क दिसली तर प्रिंटर दिसेना. प्रिंटर दिसला तर तो अक्षरांऐवजी चौकोन छापू लागला. पत्रिकेत घरं बारा असतात, त्याने तीनचारशे काढली. आठ दिवस मी सेटिंगच्या फाइलशी भांडलो आणि घरच्यांवर खेकसलो. शेवटी सगळं जमलं. जाता जाता बाबांची एक चूकही सुधारली. जुन्या मशीनचं घड्याळ सत्तावीस मिनिटं मागे होतं, बॅटरी गेली असणार. एक ओळ लिहून मी आतल्या मशीनला बाहेरच्या घड्याळाशी बांधून टाकलं. आता कुणी म्हटलं तरी ते मागे जाणार नव्हतं.

बाबांनी मोहल्लाभर सांगितलं, "मुलाने मशीनमध्ये मशीन बसवली."

मुलगी झाली. बारसं झालं, पत्रिका नाही. बाबा म्हणाले, डोळे जरा दुखतायत. बाहेरून येणाऱ्यांनाही ते परत पाठवू लागले. शेवटी बायको बोललीच.

"सगळ्या मोहल्ल्याच्या पत्रिका केल्या त्यांनी. आपल्याच पोरीची नाही. मुलगी झाली म्हणूनच ना?"

मी म्हटलं, बाबा तसे नाहीत. पण मलाही शंका आलीच होती, आणि त्याची लाज आजही वाटते.

एका पहाटे मुलगी झोपेना, म्हणून तिला घेऊन गच्चीवर गेलो. मशीन तिथल्या खोलीत होती. बाबा कठड्याशी उभे होते. सूर्य वर आला तसे ते गुडघे धरत आत गेले, पडद्याकडे पाहिलं आणि घड्याळ सत्तावीस मिनिटं मागे केलं. ते लगेच पुन्हा पुढे आलं. त्यांनी पुन्हा मागे केलं.

"बाबा, हे काय?"

"रेल्वेचं घड्याळ सगळ्या देशाचं. उज्जैनची वेळ त्याच्यापेक्षा सत्तावीस मिनिटं मागे असते. माझा प्रोग्राम इथल्या वेळेवर चालतो. सूर्य उगवला की इथे शून्य घटी दिसली पाहिजे. तुझ्या मशीनमध्ये एक घटी, म्हणजे चोवीस मिनिटं, होऊन गेलेली असते. जिला सूर्योदय कळत नाही, तिच्यावर पोरीची पत्रिका करू?"

"मग मला सांगायचं ना!"

"तू आठ दिवस मेहनत केलीस. मी सगळ्यांना सांगून बसलो. आता रोज शिकायत घेऊन येऊ का? वाटलं, माझीच काही गडबड होतेय."

रोज पहाटे ते असे वर येत होते. मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं, ती ओळ पुसली, घड्याळ सत्तावीस मिनिटं मागे नेलं आणि खाली जाऊन बायकोला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कानाला रुमाल बांधून बाळंतीण गच्चीवर हजर. तिला कुणी अडवलं नाही. सूर्य आला, पडद्यावर शून्य घटी आली. बाबा बसले. प्रिंटर करकरला, मुलगी दचकून रडली. बायकोने कागद हातात घेऊन नीट वाचला.

"बाबा, हॉस्पिटलच्या कागदावर तर साडेचार आहे. इथे चार वाजून तीन मिनिटं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "ती उज्जैनला जन्मलीय."