कपाळावरचं बेगड

चाकणच्या पेठेतला तो तसबिरीवाला मला पहिल्यापासून आवडला नव्हता. माणूस गोड बोलायचा आणि बोलता बोलता दुसऱ्याच्या चित्राला कात्री लावायचा. चौकटीत बसत नाही म्हणून त्यानं एका चित्रातला अख्खा डोंगर कापलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. तरीही माझ्या चित्राच्या छापील प्रती विकायला मी त्याच्याकडेच दिल्या, कारण आसपास दुसरं दुकान नव्हतं.

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. मूळ चित्र माझ्या आईचं. ती महाळुंग्याला राहायची, मी चिंचवडला शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. एका सुट्टीत ती चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली असताना मी तिला कागदावर उतरवलं आणि खोलीवर येऊन तैलरंगात पुरं केलं. तोंडावर निखाऱ्यांचा उजेड, बांगड्यांविना हात, पांढरं कपाळ. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. "काय काढतुयास?" तिनं विचारलं तेव्हा मी "चूल" म्हणालो होतो. खरं सांगितलं असतं तर ती उठून गेली असती.

चित्राला पुण्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. मुंबईच्या एका छापखान्यानं त्याच्या रंगीत प्रती काढल्या. कोपऱ्यात माझी सही इतकी स्वच्छ उमटली होती की मी हुरळून गेलो. पिंपरीच्या नव्या कारखान्यात बाहेरगावची माणसं येऊन राहत होती. त्यांच्या कोऱ्या भिंतींवर देवांऐवजी एकदा खरं माणूस लागू दे, असं माझ्या डोक्यात होतं. त्यांच्या डोक्यात ते अजिबात नव्हतं.

"मास्तर, गिऱ्हाईक हातात घेतंय आन् खाली ठिवतंय," तसबिरीवाला सांगायचा. "पांढऱ्या कपाळाची बाई सकाळी उठून कोन बघनार? जरा टिकली लावू का?"

मी त्याच्यावर खेकसलो. चित्राला बोट लावलंस तर दुकानासमोर तमाशा करीन, असं बजावून आलो.

दिवाळीनंतर एका बाजारच्या दिवशी आईला मिरच्या घ्यायच्या होत्या, म्हणून तिच्याबरोबर चाकणला गेलो. वाटेत ते दुकान. तिला पायरीशी उभं करून मी आत शिरलो. भिंतीवर माझं चित्र ओळीनं लागलं होतं. आईच्या कपाळावर लाल बेगडाचं कुंकू, हातांत हिरव्या टिकल्यांच्या बांगड्या, डोक्यावर सोनेरी बेगडाचा मुकुट. खाली कागदाची पट्टी, 'अन्नपूर्णा' लिहिलेली. ती नेमकी माझ्या सहीवर चिकटवली होती.

कारखान्यातला एक माणूस आणि त्याची बायको त्यातली एक तसबीर घेत होते. बाई काचेला हात लावून तो कपाळाला टेकवत होती. माझं डोकंच फिरलं. मी तसबीर तिच्या हातातून हिसकावली.

"ओ भाऊ, काय करायलाव?" नवरा ओरडला. "देवी हाय ती!"

"कसली देवी? माझी आई आहे ही! विधवा आहे! हा चोर तुम्हाला फसवतोय!"

"इकली तर जातीय न्हवं मास्तर?" तसबिरीवाला गुरगुरला. "तुमच्या त्या उघड्या कपाळाला कुत्रं इचारत न्हवतं."

मग तर मी पेटलोच. गल्ल्यामागचा गठ्ठा ओढला, त्यातली बेगड न लावलेली प्रत काढली आणि दारात येऊन भर बाजाराला दाखवली. "हे बघा खरं चित्र!"

लोक जमले. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग पायरीशी उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं. कुणीतरी हसलं. तसबीर घ्यायला आलेल्या बाईनं आपला हात लुगड्याला पुसला. तेव्हा कुठे मला आई तिथंच असल्याचं ध्यानात आलं. दारातून तिला सगळं दिसलं होतं, सगळं ऐकू आलं होतं. तिनं पदर भुवयांच्याही खाली ओढला होता.

मिरच्या राहिल्याच. महाळुंग्याच्या रस्त्यावर मी एकटाच बडबडत होतो. त्या नालायकाला सोडणार नाही, खोटं कुंकू लावून त्यानं तुझी विटंबना केली, वगैरे वगैरे. आई मध्येच थांबली.

"त्या मेल्यानं मला इचारलं न्हाई," ती म्हणाली. "पर त्यानं कपाळ झाकलं तरी. तू कुनाला इचारून उघडं टांगलंस? चूल काढतोय म्हनलास."

"आई, जे खरं होतं तेच काढलं मी."

"मला काय ठावं न्हाई व्हय, खरं काय हाय ते? रोज तेच कपाळ घिऊन उठते मी. समद्या बाजाराला दावायला कुनी सांगितलं तुला? फाडून टाक ती समदी."

मी हो म्हणालो. नंतर कितीतरी दिवस मी घरी गेलो की ती ताट वाढून बाहेर जाऊन बसायची.

गठ्ठा मी परत आणला. बेगड लावलेल्या प्रती टराटरा फाडल्या, त्या फाडताना मजाच आली. बाकीच्या फाडायला घेतल्या आणि हात चालेना. त्याहून चांगलं चित्र माझ्याजवळ तेव्हा नव्हतं, पुढेही कधी झालं नाही. पुण्यातल्या शिकल्यासवरल्या घरांतून ते आवडीनं घेत. तिथं मी एकेक करून सगळ्या विकल्या.

आईला सांगितलं, फाडून टाकल्या. ती माझ्या ताटासमोर येऊन बसली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "गुनाचं हाय माझं लेकरू." तिनं माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला.