छत्तीस खड्यांची रांग

मास्तरांनी बसवलेला खडा हलत नाही, असं कारखान्यात सगळेच म्हणत. श्रीमंतांच्या मनगटी घड्याळांवर खडे बसवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. काचेभोवतीच्या सोन्याच्या कड्यात बारीक खाच पाडायची, मेणाच्या काडीनं खडा उचलून तिच्यात सरकवायचा आणि सोन्याची कड त्याच्यावर अशी दाबायची की खड्याला कळूही नये. काम संपलं की मास्तर कडं कानाशी नेऊन नखानं टिचकी मारत. सैल खडा कुरकुरतो. त्यांचा कधी कुरकुरला नाही.

पण या मास्तरांना हिरवा आणि केशरी यांतला फरक कळत नसे. जन्मापासूनच. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तिचं टेबल त्यांच्या उजव्या हाताला होतं.

बायको खडे निवडायची. नीलम काही नुसता निळाच नसतो. गुलाबी, केशरी, पिवळा, हिरवा, जांभळा असाही मिळतो. असे छत्तीस नीलम रंगाच्या उतरणीनं ट्रेमध्ये लावून ती ट्रे डावीकडे सरकवी, आणि मास्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत बसवत जात. लग्नानंतर महिन्याभरात तिनं त्यांचं हे रंगांचं ओळखलं होतं आणि त्यावर कधी अवाक्षर काढलं नव्हतं. घरी दोघांचा छत्तीसचा आकडा असे, पण तो खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून.

बहिणीचा पाय मोडला म्हणून ती दोन दिवस गावाला गेली. जाताना ट्रे लावून, झाकण घालून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी झाकण काढलं, भिंग डोळ्याला लावलं, आणि बाही लागून ट्रे उलटा झाला.

टेबलाखाली कातड्याची झोळी बांधलेली असते. पडलेला खडा तिच्यातच सापडतो. छत्तीसच्या छत्तीस सापडले, रांग मात्र मोडली होती. मापानं ओळखावेत तर सगळे एका मापाचे. मास्तरांनी निळे बाजूला काढले, पिवळे काढले. उरलेले त्यांच्याकडे एकाच चेहऱ्यानं बघत राहिले.

चार वाजता साहेब कडं तपासायला येणार होते. बायकोचा फोन बंद. ज्याला रंगच कळत नाही त्याला नीलमांपुढे कोण बसू देणार? शेवटी त्यांनी डावीकडे पाहिलं. तिथं कड्यांना पॉलिश करणारी पोरगी बसे, कामाला चोख आणि जिभेला त्याहून चोख.

"जरा इकडे ये. हे खडे लावून देतेस?"

"मी? काका, काकूंना कळलं तर माझंच पॉलिश करतील."

"मला हिरवा आणि केशरी ओळखता येत नाही."

"चेष्टा करताय."

"कधीच आलं नाही."

पोरीनं चाक बंद केलं. "थांबा. मागच्या वर्षी माझ्या हिरव्या स्वेटरला 'छान केशरी आहे' म्हणालात, ते...?"

"हिनं 'छान आहे म्हणा' एवढंच सांगितलं होतं. रंग मी पदरचा घातला."

ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग खिडकीजवळ पांढरा कागद पसरून तिनं दीड तास खडे लावले, आणि त्या दीड तासात एकदाही टोमणा मारला नाही. मग मास्तर जेवायलाही न उठता ते बसवत गेले. चारला साहेब आले, कडं फिरवून पाहिलं, "झकास" म्हणाले आणि कपाटात ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी बायको थेट स्टँडवरून कामावर आली. मास्तरांनी तिला सगळं सांगून टाकलं. ती पोरीकडे बघेना, मास्तरांकडे तर मुळीच नाही. साहेबांकडून कडं मागून घेतलं, भिंगाखाली धरलं आणि एकेक खडा मोजत गेली.

"एकवीस आणि बावीस उलटे आहेत."

"अय्या!" पोरगी उठून आली. "दोन्ही हिरवेच तर आहेत, काकू!"

"हिरवेच आहेत. पण बावीस आधी हवा."

"अगं, साहेबांनी पास केलंय," मास्तर हळूच म्हणाले.

"त्यांनी केलंय. मी नाही."

आता खडे काढायचे, तर साहेबांना कारण सांगणं आलं. मास्तर कडं घेऊन आत गेले. ती मागोमाग गेली.

"साहेब, हे दोन खडे बदलायचेत."

साहेबांनी भिंग लावलं. "का बरं? मला तर काही दिसत नाही."

"मलाही नाही दिसत," मास्तर म्हणाले, आणि बाकीचंही सांगितलं. "एकतीस वर्षं रांग हिनं लावली. मी नुसते खडे बसवत गेलो."

"नुसते?" ती मागून फणकारली. "लावलेली रांग ट्रेमध्ये कोण विकत घेतंय?"

साहेब एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी कड्याबरोबरचं कार्ड पुढे सरकवलं. त्यावर कारागिराची सही असते.

"खडे बदला, आणि नवीन कार्ड करा. दोघांच्या सह्या हव्यात."

"साहेब, इथं एकाच सहीची जागा आहे," ती म्हणाली.

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं. "मी बारीक करतो."

आणि त्यांनी रेघेच्या डाव्या टोकाला, खड्याएवढ्या जागेत, आपली सही बसवली.