नऊ नंबरचा न उसवलेला सदरा

१९५१ साली आमच्या ब्रॅकनी गावाची बेसबॉलची टीम चौऱ्याण्णव सामने हरली. पंच्याण्णव म्हणणारेही आहेत. तो एक सामना पावसानं अर्ध्यावर थांबवला, पण तेव्हाही आम्ही हरतच होतो, म्हणून लोक तो धरतात. खाणीतून वर आलेली माणसं तोंडाची काजळी धुऊन मैदानावर यायची आणि दोन तासांत तोंड पुन्हा काळं करून घरी जायची. हा विनोद त्या उन्हाळ्यात माझ्या दुकानात खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकानं केला आणि प्रत्येकाला तो आपलाच वाटला. मी केस कापायचो. त्या धंद्यात कात्रीपेक्षा कान जास्त चालतात.

टीम हरायला लागली की माणसं बदलतात. आता कोण जाणार, हे गावात सगळ्यांत आधी कळायचं ते ब्रोनाबाई दुडेकना. खाणीत नवरा गेल्यापासून बाई टीमचे कपडे धुवायच्या आणि शिवायच्या. टीमकडे सदरे मोजून अठरा, तेही वरच्या मोठ्या टीमनं वापरून टाकलेले. सोमवारी सुट्टी, त्या दिवशी सगळे सदरे टोपलीतून बाईंकडे जायचे. ज्याला काढायचं ठरलं असेल, त्याच्या सदऱ्याला मॅनेजर गस हॅवरकॅम्प एक चिठ्ठी टाचायचा. चिठ्ठीवर नव्या माणसाच्या छातीचं माप, बस्स. बाई सदरा उसवून त्या मापाचा करायच्या. मंगळवारी जुना गडी यायचा आणि आपल्या खुंटीवर दुसऱ्याच्या मापाचा सदरा बघून काय ते समजायचा. गस सहा फूट दोन इंच होता, पण तोंडानं सांगायला त्याची छाती व्हायची नाही.

बाईंच्या माडीवर एमेट ट्रास्क राहायचा. मैदानात पहिल्या बेसवर उभा राहून चेंडू झेलणारा, नऊ नंबरचा. वय सदतीस, शिडशिडीत, गुडघे गेलेले. तीन उन्हाळे तो त्याच खोलीत उतरत होता. बाईंच्या जिन्याची पायरी त्यानं बसवली, पन्हळ दुरुस्त केली, आणि संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून वाटाणे सोलायची. एवढे वाटाणे दोन माणसांना लागतात कशाला, असं समोरच्या श्रीमती कॉवलचिक मला विचारायच्या. मीही ते आणखी चौघांना विचारायचो. खुद्द त्या दोघांत मात्र वाटाण्यांपलीकडे बोलणं गेलं नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी नऊ नंबरच्या सदऱ्याला चिठ्ठी आली. सेहेचाळीस. एमेट अडतीसचा. म्हणजे दोन्ही बगला उसवून कापड घालायचं काम. बाईंनी चिठ्ठी सुयांच्या डब्यात टाकली आणि सदरा धुऊन, इस्त्री करून तसाच परत पाठवला. त्या रंगाचं कापड मिळत नाही, असा निरोप दिला. पुढच्या सोमवारी पुन्हा चिठ्ठी आली, तर मशीनचा पट्टा तुटला. तिसऱ्या सोमवारी तिसरी आली, तर बाईंचं मनगट धरलं.

नवा गडी फेरिस ओडम येऊन बसला होता; कुणाच्या जागी, ते गसनं टीमला सांगितलं नव्हतं. सदऱ्याशिवाय त्याला मैदानात पाऊल टाकता येईना. चौकडीचा शर्ट घालून तो प्रेक्षकांत शेंगदाणे खायचा आणि आपलीच टीम हरताना बघायचा. गस माझ्या खुर्चीत बसून करवादायचा, "अरे, दोन पट्ट्या जोडायच्यात. ही बाई काय नवरीचा झगा शिवतेय?" मी त्याच्या मानेला पावडर लावली आणि गप्प बसलो. माझ्या आयुष्यातलं तेवढंच एक मौन.

त्या तीन आठवड्यांत एमेट जसा खेळला तसा वाईट खेळलेला माणूस मी पाहिला नाही. सरळ हातात आलेले चेंडू सुटायचे. बॅट चेंडू गेल्यावर फिरायची. लोक आधी हसले, मग चिडले, मग टरफलं फेकायला लागले. बाई कधी सामन्याला जात नसत. त्यांना वाटत होतं, आपण त्याला वाचवतोय.

चौथ्या सोमवारी एमेटच्या शर्टाचं बटण तुटलं. बाई अंगणात वाळलेले कपडे काढत होत्या. त्यानं सुईसाठी डबा उघडला. पुढचं मला बाईंनीच सांगितलं, अकरा वर्षांनी, चर्चच्या जेवणासाठी आम्ही कोबीची पानं सोडवत बसलो होतो तेव्हा.

त्या आत आल्या तर तो हातात चिठ्ठी घेऊन टेबलाशी बसलेला.

"हे कधीचं?" त्यानं विचारलं.

"आजचंच आलंय."

"ब्रोनाबाई, तीन चिठ्ठ्या आहेत. शेवटच्या चिठ्ठीत 'नऊ नंबर, कृपा करून' लिहिलंय. गसनं जन्मात कुणाला कृपा करून म्हटलेलं नाही."

बाई टोपली धरून तशाच उभ्या. "मला वाटलं, एखादा दिवस तुमचा चांगला जाईल. मग तो बेत बदलेल."

"शनिवारी चौथ्या रांगेतली एक म्हातारी मला ओरडली, आजोबा, जरा वाका. माझ्या आईच्या वयाची होती." तो थोडा हसला, मग थांबला. "मी काय म्हणायचो माहितीये? एवढं सगळं होऊनही गस मला काढत नाही, म्हणजे त्याला माझ्यात अजून काहीतरी दिसत असणार. रोज रात्री तेवढंच उशाशी घेऊन झोपत होतो."

त्यानं टोपलीतून नऊ नंबरचा सदरा काढला, ब्लेड मागितलं आणि दोन्ही बगला स्वतःच उसवल्या. हळूहळू, कापड न फाटू देता. बाईंनी कपाटातून पट्ट्या काढल्या. रंग तंतोतंत जुळत होता, ते त्यानं पाहिलं. मशीन चालू होतं तोवर तो समोर बसून राहिला.

मंगळवारी सकाळी बाई त्याला बसपर्यंत पोचवायला गेल्या. बॅग वर चढवून तो पायरीवर थांबला.

"माझी खोली आता कुणाला देणार?"

कुणालाच नाही, असं म्हणायचं बाईंच्या ओठांवर होतं. पण तीन आठवडे त्याला फसवल्याची लाज वाटत होती. आता आणखी काही लपवलंय असं त्याला वाटू नये, म्हणून त्या घाईघाईनं म्हणाल्या, "नव्या माणसालाच देईन ना. त्यालाही जागा लागेलच."

"बरोबर," एमेट म्हणाला. टोपी हातात घेऊन त्यानं मान लववली आणि आत जाऊन बसला.

"तो खोलीचं विचारत नव्हता," बाई मला म्हणाल्या. "बस वळणावर गेली तेव्हा कळलं मला. हाक मारायला अजून वेळ होता. मी नाही मारली."

ओडम दुपारी सामान घेऊन दारात आला तेव्हा बाईंनी त्याला सांगितलं की खोली रिकामी नाही. तो सदरा त्याला छान बसला. आम्ही त्या दिवशी सहा धावांनी हरलो.